दाजींची तीनशेपंधरा

आमच्या दाजींना वस्तू घ्यायची नसते, बघायला जायचं असतं. अकलूजच्या घोडेबाजारात ते आठ वर्षं नेमानं जातायत. दिवाळी झाली की डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, खिशात बॅटरी. घोड्याचा ओठ वर करून दात मोजायचे, खुरावर टिचकी मारून आवाज ऐकायचा, कपाळावरचा भोवरा शुभ का अशुभ यावर मालकाशी तासभर वाद घालायचा आणि संध्याकाळी भज्यांचा पुडा घेऊन घरी यायचं. घोडा नाही. आता तिथले व्यापारी त्यांना लांबून बघितल्याबरोबर चहा सांगतात आणि दुसरं गिऱ्हाईक आलं की "ह्यास्नी विचारा, ह्यास्नी समदं म्हाईत हाय" म्हणून त्यांनाच पुढे करतात.

या सवयीनं दाजी एकदा बुडता बुडता वाचलेतसुद्धा. पंधराएक वर्षांमागे आपल्याकडे इमू पाळायचं खूळ आलं होतं. भावकीतले तिघं इमू घेऊन मोकळे झाले. दाजी अभ्यास करत होते. कुणाकुणाच्या शेडवर जाऊन अंड्याचा घेर सुतळीनं मोजून आणत होते. त्यांचा अभ्यास पुरा व्हायच्या आत इमूच्या कंपन्या बुडाल्या आणि भावकीतल्यांना ते पक्षी फुकट न्यायलासुद्धा कुणी मिळेना. दाजी तेवढे कोरडे राहिले. तेव्हापासून चालढकलीला ते 'दूरदृष्टी' म्हणतात आणि गावातही दोनचार माणसं तसं म्हणतात.

मग डुकरं आली.

दाजींची जमीन पळसदेवच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्याला लागून. १९८० साली धरण झालं आणि जुनं गाव पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं आणि पुण्याची मंडळी फोटो काढायला येतात. त्यांच्या फोटोत येत नाही ती काठावरची वेडी बाभूळ. रानडुकरं दिवसभर त्या बाभळीत पडून असतात आणि रात्री दाजींच्या मक्यात. नुसती खातील तर डुक्कर कसलं! ताट मोडायचं, कणसाला एक तोंड लावायचं आणि पुढचं ताट मोडायचं. लग्नात ताटात वाढून घेऊन टाकणाऱ्या पाहुण्यांसारखी त्यांची चाल. सकाळी दाजी बांधावर उभे राहिले की रान रोलर फिरवल्यासारखं दिसायचं.

माझं बारामतीत झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. एक दिवस दाजी आले, बाकावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाव्हणं, रायफल घ्यायची."

"कसली?"

"बोल्टवाली. सेकंडहँड. नव्या वस्तूचे दोष कळत न्हाईत. जुनीचे दिसत्यात."

दाजींचा बंदुकीशी आजवरचा संबंध म्हणजे जत्रेतली छऱ्याची बंदूक आणि फुगे. त्यातही दहापैकी पाच चुकले होते आणि नळी वाकडी आहे म्हणून त्यांनी फुगेवाल्याकडून निम्मे पैसे परत घेतले होते.

मी त्यांना सांगायला लागलो की शिकार म्हणून करायची गोष्ट १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यापासून आवळत आवळत संपली. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, इंदापुरात कडबनवाडीचा माळ आहे, तिथले चिंकारे बघायचे आणि गप घरी यायचं. चिंकाऱ्यापायी जोधपूरच्या कोर्टात नटांचीसुद्धा वर्षंच्या वर्षं गेली. रानडुक्कर पिकाचं नुकसान करत असेल तर वनखात्याकडे अर्ज करायचा. परवानगी मिळाली तरच मारायचं. आणि मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता.

दाजींनी हे सगळं बैलाच्या व्यवहारात ऐकतात तसं डोळे बारीक करून ऐकलं.

"म्हंजे मका माझा, गोळी माझी, रात्रीचं जागरण माझं, आन डुक्कर सरकारचं?"

"व्हय."

"मग मक्यात असतंय तवा कुणाचं असतंय?"

याचं उत्तर माझ्या दुकानात छापील मिळत नाही.

परवान्याचा 'अ-१' नमुन्यातला अर्ज भरताना पहिली ठेच लागली. पीक राखायला बंदूक द्यायला आपला १९५९ चा शस्त्र कायदा तयार असतो, पण त्याच्या मनात असते ती ठासणीची. ती कमी पडते असं साहेबांना पटलं तर मग गुळगुळीत नळीची, म्हणजे बारा बोअर वगैरे. रायफल त्या यादीत नाही. ठासणीचं नाव काढल्याबरोबर दाजींचा चेहरा पडला. "ती माझ्या आज्याकडं हुती. दारू भरा, चिंधी कोंबा, गज मारा, टोपी लावा. तवर डुक्कर पोराबाळांना घिऊन जेवून जाईल." तेव्हा रायफल हवी तर कारण आत्मसंरक्षणाचं द्यावं लागणार होतं. म्हणजे जिवाला धोका पाहिजे.

चौकशीत पहिला प्रश्न तोच आला. धोका कोणापासून? दाजी गप्प. रात्री मला फोन. "पाव्हणं, तालुक्यात माझं कुणाशीच वाईट न्हाय हो." हे वाक्य माणूस छाती फुगवून म्हणतो. दाजी रडकुंडीला येऊन म्हणत होते. शेवटी बांधावरून सतरा वर्षं बोलणं बंद असलेल्या चुलतभावाच्या दारात ते जाऊन उभे राहिले. मी सोबत होतो म्हणून सांगतो.

"आपलं वैर हाय का न्हाय?"

"हाय की," चुलतभाऊ म्हणाला.

"मग कवा मला मारायचा इचार आला का तुझ्या मनात?"

चुलतभावानं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "तुला मारून काय करू? बांध तर मी कवाच कोरलाय."

मग चहा झाला. सतरा वर्षांचं बोलणं सुरू झालं आणि दाजींच्या हातून होता तो एक वैरीही गेला. अर्जात मी मग खरं तेच लिहिलं. वस्ती एकाकी, शेतीपंपाची वीज रात्रीची, पाणी द्यायला अंधारात एकट्यानं जावं लागतं, मोटारी आणि केबल चोरीला जातात, उसात बिबट्याची पावलं दिसलेली आहेत. वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, उताऱ्यांच्या प्रती, फोटो. दोन वर्षं गेली. घाई नसलेल्या माणसाशी कार्यालय कसं वागतं हे मी रोज बघतो. बघण्यासारखं होतं ते दाजींचं वागणं. खेटे घालताना त्यांना कधी कंटाळा आलाच नाही. पुण्याला गेलं की परत येताना ते बंदुकीच्या दुकानात डोकावून यायचे, काचेतल्या वस्तू बघायचे आणि दुकानदाराला चार प्रश्न विचारून त्याचा अर्धा तास खायचे. परवाना मिळाला तेव्हा त्यांना आनंद झाला, पण थोडं वाईटही वाटलं असावं. आता खरंच घ्यावी लागणार होती.

आपल्याकडे या बाजाराची गंमत अशी की परदेशी बंदुकांची आयात गेली चाळीसेक वर्षं सामान्य माणसाला बंद आहे. त्यामुळे साहेबाच्या काळातली, कुणा संस्थानिकाच्या भिंतीवरची विलायती रायफल निघालीच तर तिची किंमत एखाद्या गुंठ्याला लाजवते. बाकीच्यांसाठी बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५. हा आकडा कुठून आला, तर .३०३ हा फौजेचा बोअर, तो सामान्य माणसाला ठेवता येत नाही. म्हणून त्याच अंगाची रायफल, नळीचं भोक तेवढं वेगळं. फौजीच्या जुळ्या भावानं धोतर नेसावं तशी. तिची काडतुसं मात्र आपल्या खडकीची, बुडावर 'केएफ' कोरलेली. खडकीचं नाव ऐकून दाजींना हायसं वाटलं. "म्हंजे पार्ट जवळ मिळत्याल."

जंक्शनच्या पुढे, वालचंदनगरच्या अलीकडे एका गावात एक निवृत्त इंजिनियर काका राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मुलं परगावी, त्यांना ती वस्तू घरात नको. मी नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही गेलो तेव्हा काकांनी लोखंडी कपाटातून जुन्या धोतरात गुंडाळलेली रायफल बाहेर काढली. तेलाचा वास खोलीभर झाला. काकांनी पहिल्यांदा बोल्ट मागे ओढला, आतल्या पोकळीत करंगळी घालून बघितली, खालचं मॅगझिन काढून रिकामं दाखवलं आणि मग म्हणाले, "आधी हे. चहा नंतर."

दाजींनी टॉवेल झटकला आणि सुरू केलं. मला लाज वाटायला लागली, कारण ते सरळ बैल बघायला लागले होते. लाकडी दस्त्यावरून हात फिरवला. थाप मारून आवाज ऐकला. लाकडातल्या रेषा जिथं गोल फिरतात त्या ठिकाणी बोट ठेवून "भवरा चांगला हाय" म्हणाले. मग बॅटरी काढून दस्त्याची मान, म्हणजे मूठ धरतो तो निमुळता भाग, वरून खालून निरखायला लागले. मला वाटलं, आता काका हाकलणार. तर काका पुढे सरकले.

"बरोबर ठिकाणी बघताय. लाकूड फुटतं ते इथंच. बाराचा सगळा धक्का इथून जातो."

"बैलाचं बी तसंच. मान गेली की बैल गेला."

"कुणी शिकवलं?"

"अकलूज," दाजी म्हणाले.

आठ वर्षांत पहिल्यांदा त्या बाजाराचं काहीतरी वसूल झालं होतं.

काकांनी बोल्ट पुरता बाहेर काढून रायफल दाजींच्या हातात दिली. नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं, खिडकीचा उजेड त्या नखावर घ्यायचा आणि पुढून आत बघायचं. बोल्ट बाहेर असेल तेव्हाच, हे काकांनी दोनदा बजावलं. दाजींनी एक डोळा मिटला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"बोअरमधी कॅमेरा सोडल्यावानी दिसतंय की वं! आतनं आटं हायत. गोल गोल फिरत गेल्यात."

"तेच बघायचं. कडा धारदार दिसतात का बघा. काळे ठिपके असले तर गंज खाल्लेला. आट्यांमुळं गोळी फिरत जाते, भोवऱ्यासारखी. फिरते म्हणून सरळ जाते."

"ठिपकं न्हाईत."

"कसे असतील? दर रविवारी पुसतोय." मग त्यांनी नळीच्या टोकाची, नेम धरायच्या माशीखालची कड बोटानं चाचपायला सांगितली. तिथं टवका असला तर बाकी सगळं चांगलं असून नेम लागत नाही, गोळी जाताजाता शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. मग बोल्टवरचा नंबर आणि रायफलच्या अंगावरचा नंबर एकच आहे का, आणि तोच काकांच्या परवान्यावर आहे का. दाजींनी नंबर मोठ्यानं वाचला, मी परवान्यावरचा वाचला. ट्रॅक्टरच्या चासी नंबरसारखं सगळं रीतसर चाललं होतं म्हणून दाजींनी पुढचा प्रश्नही ट्रॅक्टरचाच विचारला.

"किती तास चाललीय?"

मी खाली बघितलं. काका मात्र इंजिनियर. त्यांनी प्रश्न गांभीर्यानं घेतला. "तीनशेएक बार झाले असतील. सगळे चांदमारीत, कागदावर. गोळी नळीतून जायला सेकंदाचा हजारावा हिस्सा, फार तर थोडा जास्त. तीनशे बारांचा धरा..." त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "अर्धा सेकंद पण चाललेली नाही."

दाजींच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी त्यांच्या लग्नातही बघितला नव्हता. सेकंडहँड वस्तू, एकच मालक, अर्धा सेकंदसुद्धा चाललेली नाही! त्या भरात ते रायफल हातात घेऊन माझ्याकडे वळले आणि नळी माझ्या पोटाशी आली. काकांनी ऐंशीच्या वयाला न शोभेल अशा चपळाईनं ती वर उचलली.

"नळी कुणाकडं?"

"रिकामी हाय की."

"रिकामीनंच माणसं मरतात. पुन्हा असं झालं तर ही धोतरात जाईल आणि तुम्ही फाटकाबाहेर."

दाजी कधी कुणाचं ऐकून घेत नाहीत. त्या दिवशी ऐकून घेतलं.

मग काकांनी बोल्टची कवायत शिकवली. जुन्या दाराच्या कडीसारखंच ते. दांडी वर उचलायची, मागं ओढायची, पुढं ढकलायची, खाली दाबायची. मागं ओढताना रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढं ढकलताना नवं आत जातं. उचल, ओढ, ढकल, दाब. दाजींनी वीस वेळा केलं. त्या चार आवाजांनी ती खोली भरून गेली आणि आतून काकूंनी विचारलं, "अहो, परत सुरू केलंत का?"

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा दाजींनी नकळत खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर पसरला आणि टॉवेलाखालून हात पुढे केला. बाजारात बोटं दाबून भाव सांगायची रीत असते. काकांना ती माहीत नव्हती. त्यांनी टॉवेलाखाली हात घालून प्रेमानं हस्तांदोलन केलं. दाजींनी तीन बोटं दाबली, काकांनी अख्खा हात दाबला. पाच बोटं झाली. असा तो सौदा काकांच्या भावाला तुटला, आणि खानदानी माणसासमोर टॉवेल काढलाच आहे तर मागं कसं घ्यायचं म्हणून दाजी त्यावरच राहिले.

निघताना काकांनी विचारलं, "मारणार काय?" दाजींनी डुकरं सांगितली. काका म्हणाले, "ही गोळी चुकली तर मैलभर सहज जाते. छर्रा नव्हे, थोड्यावर पडायला. तुमच्याकडं सपाट रान आणि बांधाबांधावर वस्ती. मागं मातीचा उंचवटा असल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "मी १९७१ साली घेतली. हौस होती. पुढच्या वर्षी कायदा आला."

"म्हंजे तुम्ही येक बी जनावर...?"

"रविवारी पुसतो," काका म्हणाले.

एका परवानाधारकानं दुसऱ्याला शस्त्र विकायचं तर ४५ दिवस आधी लेखी कळवावं लागतं. ते कळवलं, दिवस मोजले, नोंदी झाल्या आणि २०२४ च्या सप्टेंबरात रायफल पळसदेवला आली. दाजींनी काय केलं असेल? बघत बसले. गाव बघायला आलं. प्रत्येकाला ते अंगठ्याचं नख धरून आत बघायला लावायचे आणि "अर्धा सेकंद" म्हणायचे. मात्र नळी कधी कुणाकडे वळली नाही. एक पोरगं म्हणालं, "दाजी, रानडुकराचं कालवण कवा?" तर दाजी गंभीरपणे म्हणाले, "ती सरकारी मालमत्ता हाय."

१२ ऑक्टोबरला दसरा. विळा, कोयता, खुरपं, फवारणीचा पंप आणि मधोमध रायफल. झेंडूची माळ, हळदकुंकू. ताईनं कुंकू बोल्टच्या फटीत जाऊ दिलं म्हणून दाजी संध्याकाळपर्यंत जुन्या टूथब्रशनं ते काढत होते. चौदा तारखेला त्यांनी वनखात्याकडे डुकरांसाठी अर्ज दिला. पंधरा तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि ठाण्यातून निरोप आला की शस्त्र जमा करा.

दाजींनी रायफल धोतरात गुंडाळली, पावती घेतली आणि ठाण्यातल्या हवालदाराला "दर रविवारी पुसावी लागतीया" म्हणून सांगून आले. शेजारणीनं विचारलं, "बंदूक दिसंना?" ताई म्हणाली, "माहेरी गेलीय. निकाल लागल्यावर यील."

डुकरांना आचारसंहिता नव्हती. उशिरा पेरलेला मका नेमका दाणे भरत होता. ताईनं मग तिच्या पद्धतीनं घेतलं. ट्रंकेतल्या जुन्या साड्या काढल्या आणि रानाच्या तिन्ही बाजूंनी खुंट्यांना बांधल्या. आपल्या भागात रात्री गाडीचा उजेड पडला की अशी साड्यांची कुंपणं चमकतात. वाऱ्यानं फडफडतात, माणसाचा वास येतो, डुक्कर बिचकतं. चौथ्या बाजूला साड्या पुरल्या नाहीत.

त्याच आठवड्यात वनखात्याची परवानगी आली. मी कागद घेऊन गेलो तेव्हा अंधार पडला होता. दाजी म्हणाले, "आलाय तर चला, बसू." चौथ्या बाजूला त्यांनी लाकडाचा माळा बांधला होता. आम्ही वर बसलो. परवानगी दाजींच्या खिशात, रायफल ठाण्यात. फुगवट्याकडून गार वारा येत होता. बाराच्या सुमाराला बाभळीत काटक्या मोडल्या आणि एक मोठं एकट्यानं फिरणारं डुक्कर चांदण्यात बाहेर आलं. मागं विहिरीच्या मातीचा ढीग होता, अगदी काकांनी सांगितला तसा.

दाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं. मग हातात नसलेलीच रायफल त्यांनी खांद्याला लावली. गाल टेकवला. एक डोळा मिटला. हातानं दांडी वर उचलली, मागं ओढली, पुढं ढकलली, खाली दाबली. श्वास रोखला. डुकरानं तीन ताटं मोडली. दाजींचं बोट हळूहळू मिटत होतं. चौथं ताट मोडलं. तेवढ्यात घराकडून ताईनं दिवाळीतला उरलेला सुतळी बॉम्ब लावला. धडाका झाला, सगळ्या वस्त्यांवरची कुत्री उठली आणि डुक्कर मातीच्या ढिगाला वळसा घालून बाभळीत शिरलं.

दाजींनी बोल्ट ओढला, रिकामं काडतूस बाहेर उडवलं, ते कुठं पडलं ते खाली वाकून बघितलं आणि मग माझ्याकडे वळले. नळी आभाळाकडे.

"पाव्हणं, माशी बरुबर खांद्यामागं हुती."